स्थूल देह आणि सांथीचा ज्वर

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत ‘अष्टौनिन्दितीय’ नांवाचा एक अध्याय आहे. लोकांनीं निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या देहांची गणना त्यांत केली असून, पुढें विस्तारानें विचार केला आहे तो अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचाच. दोघेही सदा रोगी, असें सांगून झाल्यावर ग्रंथकार त्यांच्या तुलनेवर येतो, आणि त्याचा कौल स्पष्टपणें कृशाच्या बाजूनें पडतो. दोघांची इतर परिस्थिति सारखी असली आणि दोघांसही व्याधीनें गांठलें, तर अधिक हाल होतात ते स्थूलाचे, असा त्या विवेचनाचा आशय आहे. सुश्रुतानें स्थूलाच्या लक्षणांत क्षुद्रश्वासाचा, म्हणजे थोड्याशा श्रमानें लागणाऱ्या धापेचा, उल्लेख केला आहे. तिकडे ग्रीस देशांत हिपोक्रेटिसच्या नांवावर मोडणाऱ्या सूत्रसंग्रहांतही फार लठ्ठ माणसें सडपातळांपेक्षां लवकर मरतात या अर्थाचें एक सूत्र आढळतें.

एवढ्यावरून आमच्या पूर्वजांस विषाणूंचें ज्ञान होतें असें अनुमान काढणारा एक संप्रदाय आहे. त्या संप्रदायाची दीक्षा घेण्याची प्रस्तुत लेखकाची तयारी नाहीं. त्या वचनांत सांथ नाहीं, फुप्फुसें नाहींत; आहे तें रोग्याच्या अंथरुणाशीं बसून केलेलें एक साधें निरीक्षण. नवल वाटावें तें दुसऱ्याच गोष्टीचें. जें निरीक्षण इतकें जुनें व इतकें उघड, तें श्वसनमार्गाच्या विषाणुजन्य रोगांपुरतें आधुनिक वैद्यकाच्या ध्यानांत यावयास इ. स. २००९ साल उजाडावें लागलें, आणि ध्यानांत आल्यावर तें अगदीं नवें म्हणून मांडलें गेलें, हें कसें झालें?

याचें उत्तर शोधण्यासाठीं प्रथम १९१८ सालाकडे वळलें पाहिजे. महाराष्ट्राच्या स्मरणांत श्वसनरोगाची जी मोठी सांथ रुतून बसली आहे ती त्या सालची. लोक तिला ‘मानमोडी’ म्हणत. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षीं, मे-जूनच्या सुमारास, फौजेच्या जहाजांबरोबर ती मुंबई बंदरांत उतरली. पहिला फेरा सौम्य गेला; पण सप्टेंबर महिन्यांत तिनें जें दुसरें रूप धारण केलें त्यानें सारा इलाखा हादरून गेला. ऑक्टोबरच्या ६ तारखेस एकट्या मुंबई शहरांत ७६८ माणसें मरण पावल्याची नोंद आहे. सबंध हिंदुस्थानांतील बळींचा आंकडा निरनिराळ्या अभ्यासकांनीं सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत धरला आहे. त्याच वर्षीं पावसानें दगा दिला होता, धान्य महागलें होतें, आणि गांवोगांव लोक अर्धपोटीं होते. मुंबईच्या कोष्टकांत ‘खालच्या जातींचे हिंदु’ असा जो एक रकाना आहे त्यांत मृत्यूचें प्रमाण दर हजारीं ६१ च्या वर आहे. युरोपियनांच्या रकान्यांत तें ८ च्या आसपास आहे. या आंकड्यांचा अर्थ लावावयास कोणा पंडिताची गरज नव्हती. जो उपाशी तो मेला. जो दाटीच्या खोलींत राहत होता तो मेला. ज्याला घोटभर पाणी द्यावयास घरांत धडधाकट माणूस उरला नव्हता तो मेला. दुष्काळ आणि सांथ या सख्ख्या बहिणी, ही समजूत आमच्याकडे पूर्वींपासूनच होती. मानमोडीनें तिच्यावर शिक्कामोर्तब केलें.

या चित्रांत एक विसंगति मात्र होती. इतर वर्षींचा इन्फ्लुएन्झा तान्हीं मुलें व म्हातारीं माणसें नेतो. या वर्षीं त्यानें वीस ते चाळीस या वयांतलीं माणसें निवडून नेलीं. मेलेला चांगला अंगापिंडानें भरलेला होता, असें त्या काळचे लोक सांगत, तेव्हां त्यांचा रोख दैवाच्या क्रौर्याकडे असे. भरलेलें अंगच एखाद्याच्या मुळावर आलें असेल, ही शंका कोणास येण्यासारखी नव्हती. आणि आली असती तरी ती पडताळून पाहावयास साधन नव्हतें, कारण रोग्याचें वजन कोणी लिहून ठेवीत नसे. धट्टेकट्टेच अधिक मेले या कथेंतही बरीच अतिशयोक्ति असावी. क्लीव्हलंड येथील एका जुन्या अस्थिसंग्रहाचा अभ्यास २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत असें दिसून आलें कीं, १९१८ त मेलेल्यांच्या हाडांवर पूर्वींच्या अशक्ततेच्या खुणा असण्याचा संभव अधिक होता. म्हणजे तेथेंही रोगानें अगोदरच खंगलेल्यांनाच अधिक गांठलें होतें.

पुढील पन्नास वर्षें आहारशास्त्र म्हणजे उणीवांचें शास्त्र, असेंच समीकरण राहिलें. नेव्हिन स्क्रिमशॉ व त्याचे दोघे सहकारी यांनीं आहार आणि संसर्ग यांच्या परस्परसंबंधावर जो प्रसिद्ध प्रबंध लिहिला, व जो जागतिक आरोग्य संघटनेनें १९६८ सालीं छापला, त्याचा सारा भर कमी खाणाऱ्यांवर होता. आणि तो योग्यच होता, कारण जगांतील बहुसंख्य मुलें तशींच मरत होतीं. याला जोड मिळाली ती क्षयाची. क्षयरोग्याचें वजन वाढूं लागलें म्हणजे रोग मागें हटला, असें मानून आरोग्यभुवनांतून रोग्यांस दूध, अंडीं व लोणी खाऊं घालीत आणि ठरलेल्या दिवशीं तराजूवर उभे करीत. या श्रद्धेंत तथ्यही आहे. वजन जितकें कमी तितका क्षयाचा धोका अधिक, आणि वजन वाढत जाईल तसा तो कमी, हें अनेक देशांतील अभ्यासांनीं दाखविलें आहे. त्यामुळें छातीचा रोग आणि अंगावरची चरबी यांचें वैर आहे, चरबी ही छातीची ढाल आहे, अशी समजूत वैद्यांच्या व लोकांच्या मनांत सारखीच दृढ झाली. ‘खात्यापित्या घरचा दिसतो’ हें आमच्याकडे प्रशस्तिपत्रच होतें. तीं ढाल क्षयजंतूपुढें उपयोगी पडते. विषाणूपुढें पडत नाहीं, एवढा भेद कोणी केला नव्हता.

लठ्ठपणा मोजण्याची विद्या दरम्यान भलत्याच वाटेनें चालली होती. माणसाचें वजन त्याच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें असें बेल्जियमचा गणिती अडॉल्फ केटले यानें १८३२ च्या सुमारास दाखविलें. परंतु त्याला रोगाशीं कर्तव्य नव्हतें, त्याला हवा होता ‘सरासरी माणूस’. शंभर वर्षांनीं विम्याच्या कंपन्या या प्रश्नांत शिरल्या, आणि मेट्रोपोलिटन लाइफ या अमेरिकन कंपनीनें १९४२-४३ सालीं इष्ट वजनाचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. विमा-कंपनीला माणूस कशानें मेला यापेक्षां केव्हां मेला याची फिकीर अधिक. तिच्या कोष्टकांतून लठ्ठपणाची सांगड हृदयविकार व मधुमेह यांच्याशीं पडली. ज्वराशीं पडली नाहीं. १९७२ सालीं ॲन्सेल कीज यानें केटलेच्या जुन्याच भागाकारास ‘बॉडी मास इंडेक्स’ हें नवें नांव दिलें. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागावें. उत्तर ३० किंवा अधिक आलें कीं तो माणूस स्थूल, ४० च्या पुढें गेलें कीं अतिस्थूल. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, याच कीजनें दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा येथें ३६ तरुणांस महिनोन् महिने अर्धपोटीं ठेवून उपासमारीचा सर्वांत कसोशीचा अभ्यास केला होता. भुकेचा अभ्यास करणाऱ्याच्या हातून स्थूलतेचें माप निघावें, हा योगायोग पुढेंही पुन्हां घडावयाचा होता.

स्थूल माणसाच्या श्वासाकडे डॉक्टरांचें लक्ष एकदां गेलें होतें, नाहीं असें नाहीं. १९५६ सालीं बर्वेल व त्याचे सहकारी यांनीं एका अतिस्थूल गृहस्थाची हकीकत प्रसिद्ध केली. हे गृहस्थ पत्ते खेळतांना, हातांत उत्तम डाव आला असतांही, बसल्या जागीं पेंगले; आणि मेदाच्या भारानें श्वास उथळ पडून त्यांच्या रक्तांतील प्राणवायु घटला होता, असें तपासांत निघालें. या रोगाला नांव कोणतें दिलें? चार्ल्स डिकन्सच्या १८३६-३७ मधील ‘पिकविक पेपर्स’ या कादंबरींत सदा झोपाळलेला जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे, त्याच्यावरून ‘पिकविकी विकार’! नांव सोपें आणि गमतीचें म्हणून रूढ झालें. पण क्षयरोग्याला कोणी विनोदी कादंबरींतील पात्राचें नांव दिलें नाहीं. स्थूल माणसाची धाप ही पाहणाऱ्याच्या हंसूचा विषय झाली म्हणजे तिची चौकशी तेथेंच थांबते. आणि वैद्यकाच्या इतिहासांत ती बरींच वर्षें तशी थांबलीही.

खरा शोध लागला तो उंदरांत. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांतील मेलिंडा बेक यांनीं आपल्या कामाची सुरुवात उणीवेपासूनच केली होती. चीनमध्यें केशान नांवाचा एक हृदयरोग आहे. जमिनींत, आणि म्हणून अन्नांत, सेलेनियम या द्रव्याची उणीव असते तेथें तो होतो. सेलेनियमवांचून वाढविलेल्या उंदरांना बेकबाईंनीं कॉक्सॅकी जातीचा एक निरुपद्रवी विषाणु टोंचला, तेव्हां तो त्यांच्या हृदयाचा नाश करूं लागला. आणि १९९५ सालीं असें आढळलें कीं त्या विषाणूची घडणच बदलली होती, इतकी कीं पुढें तो पोटभर खाणाऱ्या उंदरांसही बाधूं लागला. भुकेल्या देहानें शत्रूला जणूं शस्त्र घडवून दिलें. नंतर याच बाईंनीं उलट बाजूनें विचार केला: अन्न अति झालें तर? चरबीयुक्त आहारानें लठ्ठ केलेले आणि साध्या आहारावरचे, अशा दोन्ही उंदरांना त्यांनीं इन्फ्लुएन्झाचा विषाणु दिला. सडपातळ उंदरांपैकीं शेंकडा साडेपांच मेले. लठ्ठांपैकीं शेंकडा ४२. हा निबंध २००७ सालीं छापला गेला. तो त्या वेळीं फारसा गाजला नाहीं. उंदरांच्या पिंजऱ्यांत काय होतें आणि इस्पितळाच्या खाटेवर काय होतें यांमध्यें पुष्कळ अंतर असतें, असें म्हणून बाजूस सारण्याची सोय शास्त्रज्ञांना नेहमींच असते.

अंतर दोनच वर्षांचें निघालें. २००९ च्या एप्रिलांत मेक्सिको व कॅलिफोर्निया येथें इन्फ्लुएन्झाचा एक नवा विषाणु प्रकट झाला. त्या वेळीं धोक्याच्या यादींत वृद्ध, गर्भिणी, दमेकरी, मधुमेही, हृदयरोगी हे सर्व होते, स्थूल नव्हते. जुलैच्या १० तारखेस अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकांत मिशिगन राज्यांतील एका अतिदक्षता विभागाचें छोटेंसें वृत्त आलें. दहा रोगी, सर्वांचीं फुप्फुसें निकामी होत आलेलीं, त्या दहांपैकीं नऊ स्थूल, आणि त्यांतले सात अतिस्थूल. पांच जणांच्या फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या सांपडल्या, तिघे मेले. अमेरिकेंत त्या वेळीं दर तीन प्रौढांमागें एक स्थूल होता हें जमेस धरूनही दहांत नऊ ही गोष्ट डोळ्यांत भरण्यासारखी होती. मागोमाग कॅलिफोर्नियाचा अहवाल आला. इस्पितळांत दाखल झालेले किंवा मेलेले १,०८८ रोगी त्यांत होते. त्यांपैकीं उंची व वजन या दोहोंची नोंद मिळाली अशीं प्रौढ माणसें अवघीं २६८, आणि त्या २६८ त शेंकडा ५८ स्थूल. मला या दोन आंकड्यांपैकीं पहिला अधिक बोलका वाटतो. शास्त्राच्या माहेरघरीं, १९१८ नंतर ९१ वर्षांनीं, मरणाच्या दारीं पोंचलेल्या इतक्या रोग्यांचीं वजनें टिपलेलीं नव्हतीं! पुढें याच अभ्यासकांनीं आपल्या निबंधास जें नांव दिलें त्याचा अर्थ ‘नव्या विषाणूचा नवा धोका’ असा होतो. विषाणु नवा होता हें खरें. दुसऱ्या वर्षीं अतिस्थूलांचें नांव लशीच्या अग्रक्रमाच्या यादींत दाखल झालें. हिंदुस्थानांत त्या सांथीचा पहिला बळी ऑगस्टच्या ३ तारखेस पुण्यांत पडला, ती चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी होती. आणि पुणें शहर तोंडाला फडकीं बांधून कित्येक दिवस बंद दारांआड बसलें, हें अनेक वाचकांस आठवत असेल.

आतां मेद आणि विषाणु यांचा संबंध येतो कोठें? पहिलें कारण केवळ यंत्रासारखें आहे. माणूस पाठीवर निजला कीं पोटांतील मेदाचें ओझें श्वासपटलाला वर ढकलतें. फुप्फुसांचा तळचा भाग पुरता उघडत नाहीं. आणि श्वास सोडल्यानंतर आंत जी हवा शिल्लक राहावयाची ती अगदीं थोडी राहते. निरोगीपणीं हें निभावून जातें. पण न्युमोनियानें अर्धें फुप्फुस भरलें म्हणजे त्या शिल्लक हवेवरच जीव तगून असतो, आणि नेमकी तीच गंगाजळी स्थूल माणसापाशीं नसते. दुसरें कारण अधिक खोल आहे. मेद म्हणजे अंगावर साठविलेलें मुकें तूप, अशी आपली समजूत होती. १९९३ सालीं लठ्ठ उंदरांच्या चरबींतून दाह उत्पन्न करणारें एक द्रव्य पाझरतें असें दिसून आलें. १९९४ सालीं फ्रीडमन यानें लेप्टिन हा मेदाचाच एक संप्रेरक शोधून काढला. २००३ सालीं स्थूल देहाच्या मेदांत प्रतिकार करणाऱ्या भक्षक पेशींची गर्दी सांपडली. म्हणजे मेद ही एक मोठी, सदैव धुमसणारी ग्रंथीच झाली. जेथें रोज बारीक धूर निघतो तेथें खरी आग लागली कीं पहारेकऱ्याला ती उशिरां कळते. बेकबाईंच्या लठ्ठ उंदरांत तसेंच घडलें: विषाणूला पहिल्या तासांत अडविणारें इंटरफेरॉन हें द्रव्य उशिरां आणि थोडें निघालें. मधल्या वेळांत विषाणु माजला.

लशीचीही तीच गत. स्थूल माणसांत लशीनंतर प्रतिद्रव्यें प्रथम बरीं चढतात, पण वर्षाच्या आंत अधिक वेगानें उतरतात. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत लस टोंचून घेतलेल्या स्थूल प्रौढांना इन्फ्लुएन्झा किंवा तत्सदृश ज्वर होण्याचें प्रमाण इतरांच्या जवळजवळ दुप्पट आढळलें. निकाराग्वाच्या मानाग्वा शहरांत असें दिसलें कीं, लक्षणें असलेली स्थूल माणसें हा विषाणु ४२ टक्के अधिक काळ बाहेर टाकीत राहतात. आणि २०२० सालीं मेंफिस येथील संशोधकांनीं लठ्ठ उंदरांतून विषाणु फिरविला, तेव्हां तो बदलून अधिक घातक झाला, व पुढें सडपातळ उंदरांसही जड गेला. केशानच्या उंदरांची ही दुसरी बाजू. उपाशी आणि अतितृप्त हे दोन्ही देह विषाणूला एकाच शाळेंतले धडे देतात, असें निदान उंदरांपुरतें तरी ठरलें.

येथवर आलेला वाचक म्हणेल, मग खटला निकालांत निघाला: मेद हाच गुन्हेगार. मला तसें वाटत नाहीं. २००९ ते २०११ या काळांतील अनेक अभ्यास एकत्र करून २०१६ सालीं केलेल्या एका परीक्षणांत एक विलक्षण गोष्ट पुढें आली. विषाणूवरचें औषध रोग्याला लौकर मिळालें कीं उशिरां, हें हिशेबांत धरतांच स्थूलता व मृत्यु यांमधील संबंध नाहींसा झाला. स्थूल रोग्यांना औषध उशिरां मिळत होतें! कां मिळत होतें, याचें उत्तर कोष्टकांत नाहीं. पण तें ज्यांना अनुभवानें ठाऊक आहे अशा माणसांची वाण नाहीं. माझ्या नात्यांतील एक बाई, शरीरानें बऱ्याच स्थूल, त्या दिवसांत तापानें आणि धापेनें हैराण होऊन एका दवाखान्यांत गेल्या. डॉक्टरांनीं छातीला नळी लावली न लावली, आणि एवढ्या वजनाला धाप लागणारच, आधीं खाणें आवरा, असें सांगून परत धाडलें. तिसऱ्या दिवशीं त्यांना उचलून दुसरीकडे न्यावें लागलें. त्या वांचल्या. पण पुढें साधा खोकला झाला तरी डॉक्टरकडे जावयाचें म्हटलें कीं त्या टाळाटाळ करीत. औषधाची भीति नव्हती, तराजूची होती. स्थूल रोगी उशिरां येतो, कारण पूर्वीं त्याला फटकारलेलें असतें. आणि आला तरी त्याची धाप ही रोगाची मानली जात नाहीं, चारित्र्याची मानली जाते. पिकविकच्या पोराला हंसणारें मन तें हेंच. तेव्हां २००९ मध्यें जे मेले त्यांतले किती मेदानें मेले आणि किती विलंबानें, हा हिशेब अजून उलगडावयाचा आहे. उंदरांना कोणी टाकून बोलत नाहीं, तरी लठ्ठ उंदीर अधिक मेले. म्हणून मेद निर्दोष आहे असें म्हणतां येत नाहीं. परंतु सगळा दोष त्याच्याच माथीं मारणें हेंही माणसांना सोयीचें आहे, म्हणूनच संशयास्पद आहे.

२०२० सालीं कोरोनाच्या सांथीनें हा प्रश्न जगापुढें पुन्हां मांडला, आणि या वेळीं वजनें टिपलेलीं होतीं. फ्रान्समधील लील शहराच्या अतिदक्षता विभागांतील १२४ रोग्यांत जवळजवळ निम्मे स्थूल होते. ज्यांचा निर्देशांक ३५ च्या वर, अशांपैकीं शेंकडा ८५ हून अधिकांना श्वसनयंत्रावर ठेवावें लागलें. इंग्लंडमध्यें पावणेदोन कोटींच्या आसपास लोकांच्या वैद्यकीय नोंदी चाळून असें ठरविलें गेलें कीं, वय, मधुमेह, दारिद्र्य वगैरे सर्व वजा जातां, अतिस्थूलांस मृत्यूचा धोका सुमारें दुप्पट. त्या वेळीं या रोगावर विषाणूला मारणारें रामबाण औषध कोणापाशींच नव्हतें, म्हणून औषधाच्या विलंबाचें कारण येथें पुरें पडत नाहीं. मेदाविरुद्धचा पुरावा या सांथीनें बळकट झाला, असें प्रांजळपणें म्हटलें पाहिजे. पुढें २०२२ सालीं हा विषाणु मेदाच्या पेशींत व त्यांतील भक्षक पेशींत प्रत्यक्ष शिरतो हेंही दिसलें. इंग्लंडचे तेव्हांचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन स्वतः अतिदक्षता विभागांतून उठून आले आणि आपण फार लठ्ठ होतों असें त्यांनीं उघडपणें सांगितलें. त्यांच्या सरकारनें त्याच वर्षीं लोकांचें वजन घटविण्याची मोहीम काढली. तींत थोडी अप्रस्तुतता होतीच. घर पेटलें असतां विहीर खणावयास सांगण्याचा हा प्रकार.

२०२१ च्या मार्चमध्यें जागतिक स्थूलता महासंघानें एक अहवाल काढला. तोंवर झालेल्या २५ लाख मृत्यूंपैकीं २२ लाख हे ज्या देशांत निम्म्याहून अधिक प्रौढ वजनानें जास्त आहेत अशा देशांतले आहेत, असें त्यांत म्हटलें होतें. आंकडा भेदक आहे खरा, पण त्याच्यावर फार भार टाकतां येत नाहीं. लठ्ठ देश हे बहुधा श्रीमंतही असतात, त्यांत म्हातारे अधिक असतात, आणि मृत्यूंची मोजदादही तेथें अधिक चोख होते. अहवाल प्रसिद्ध झाल्यानंतर दोन महिन्यांच्या आंत हिंदुस्थानांत जें घडलें त्यानें अशा देशवार हिशेबांची मर्यादा दाखवून दिली.

आणि हिंदुस्थानच्या बाबतींत तर मापच फसवें आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत आपलें व इंग्लंडमधील डॉ. युडकिन यांचें एकत्र छायाचित्र छापलें. दोघांचाही निर्देशांक अगदीं सारखा, २२.३, दोघेही कोणाच्याही दृष्टीनें सडपातळ. पण चरबी मोजली तेव्हां युडकिन यांच्या देहांत ती ९.१ टक्के निघाली, आणि याज्ञिकांच्या देहांत २१.२ टक्के. केटलेच्या भागाकारांत ही चरबी दिसत नाहीं. हिंदी लोकांसाठीं २३ आणि २५ या खालच्या मर्यादा पुढें सुचविल्या गेल्या त्या यामुळेंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत २५ ही मर्यादा धरून देशांतील २४ टक्के बाया व जवळजवळ २३ टक्के पुरुष जादा वजनाचे ठरले. ज्यांच्या हाडांवर मांस कमी आणि आंतड्यांभोंवतीं मेद अधिक, अशांची गणना या टक्केवारींत झालेली नाहीं; आणि सांथीच्या दिवसांत ‘एवढा बारीक माणूस, त्याला काय धोका’ असें म्हणून ज्यांस घरीं ठेवलें गेलें त्यांत असे किती होते, तें सांगणारी नोंद तराजूपाशीं नाहीं.

या मेदाचें मूळ याज्ञिकांनीं कोठें शोधलें तें पाहिलें म्हणजे आपण पुन्हां भुकेपाशींच येऊन पोंचतों. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास त्यांनीं १९९३ सालीं सुरू केला. त्या बायांचें सरासरी वजन सुमारें ४२ किलो. शेतावर राबणाऱ्या, पोटाला थोडें खाणाऱ्या. त्यांचीं मुलें जन्मतः पावणेतीन किलोंच्या आंतबाहेर भरलीं, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनचीं साडेतीन किलोंचीं. पण या किडकिडीत मुलांचें मांस, पोट, डोकें हीं सगळीं मापें ज्या प्रमाणांत कमी होतीं, त्या प्रमाणांत पाठीच्या त्वचेखालची चरबी कमी नव्हती. भुकेल्या गर्भाशयांत देहानें मांस वाढविलें नाहीं आणि चरबी मात्र सांभाळून ठेवली. ‘कृश-स्थूल बालक’ असें नांव त्यांनीं या अर्भकांना दिलें. चरकानें ज्या दोन देहांची तुलना केली होती ते दोन्ही येथें एकाच पाळण्यांत निजलेले आहेत. कोरोनाची सांथ आली तेव्हां हीं मुलें पंचविशीच्या घरांत होतीं.